फासळी दोन सेंटिमीटर लांब झाली तर

कापडी कयाक (लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेली अरुंद, वल्ह्याची नाव) बांधायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास कापडाचा येतो: नायलॉन की पॉलिएस्टर? पण पाण्यात नाव कशी वागणार, याचा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो, सांगाड्याच्या फासळ्या वाकवतानाच.

पश्चिम ग्रीनलंडची पद्धत घेऊ. तिथे परंपरेने लाकूड समुद्रातून वाहत येणारं, वर सीलचं कातडं, आणि मापं शिकाऱ्याच्या अंगाची. लांबी सुमारे तीन वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर), रुंदी कमरेइतकी अधिक दोन मुठी. 75 किलोच्या माणसाला हे साधारण 5.2 मीटर आणि 50-52 सेंटिमीटर येतं. अरुंद नाव वल्ह्याला सोपी, उलटली तर सरळ करायला त्याहून सोपी. पण बसल्या बसल्या कॅमेरा काढायला गेलात की डुगडुगते. पहिलीच नाव असेल तर रुंदी 54 सेंटिमीटर घ्या. त्यात कमीपणा नाही.

सांगाड्याच्या वरच्या दोन लांब फळ्या बाहेरच्या बाजूला 15-17 अंश कलवतात. त्यामुळे नाव एका अंगावर झुकली की आधार मिळतो. कल वाढवला तर फळ्या वाकताना दोन्ही टोकं आपोआप वर उचलली जातात. दिसायला झकास, पण त्यावर वारा बसतो.

आता फासळ्या. ओक किंवा अ‍ॅशच्या 6 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, ओलं लाकूड, तंतूंच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ. भट्टीत वाळवलेलं लाकूड घेतलं किंवा रेषा तिरकी निघाली, की वाकणाच्या बाहेरच्या अंगाला ढलपी उठते आणि फासळी गेली. सात-आठ मिनिटं वाफ, मग बाहेर काढल्यावर दहा-बारा सेकंदांत ती फळीच्या खाचांत बसायला हवी. मधली फासळी 2 सेंटिमीटर लांब राहिली तर तळ सुमारे 1 सेंटिमीटर खाली जातो. मधल्या चार-पाच फासळ्या अशा झाल्या की तळाला पाळण्यासारखा बाक येतो: नाव पटकन वळते, पण प्रत्येक वल्ह्यागणिक नाळ (पुढचं टोक) डावी-उजवी करते. बाक कमी ठेवला तर सरळ धावते आणि लाटेच्या तोंडावर वळायचं नाव घेत नाही. म्हणून कण्याची (तळाच्या मधोमध जाणारी लांब) पट्टी बांधण्याआधी टोकाशी डोळा लावून तळाची रेष बघायची. एखादी फासळी खाली उतरलेली दिसली तर ती तेव्हाच बदलायची. कणा आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या फासळ्यांना दोऱ्याने बांधतात, गोंदाने नाही. सांगाडा लाटेबरोबर थोडा हलायला हवा. ताठ सांधा आधी तडकतो.

मांड्यांवरच्या कमानीला मासिक म्हणतात (वर्गणीचा संबंध नाही). ती खाली घेतली तर मांडी घट्ट टेकते आणि नाव अंगाला चिकटते. फार खाली घेतली तर आत शिरता येत नाही, आणि बाहेर पडायला वेळ लागणं त्याहून वाईट. पाठीमागचं डेक (नावेची वरची बाजू) खाली असेल तर मागे रेलून नाव सरळ करता येते, मात्र तंबू-सामानाला जागा उरत नाही.

बसायची जागा मासिकने बांधलेली, म्हणून ती नंतर सरकवता येत नाही. आडव्या वाऱ्यात नाळ सारखी वाऱ्याकडे वळत असेल तर मागचं टोक हलकं पडतंय. जड सामान मागे टाका, किंवा तळाला मागे पट्ट्याने बांधायचं छोटं पातं लावा.

राहिलं कापड. चौरस मीटरला 270 ते 340 ग्रॅमचं नायलॉन दगडावर आपटलं तरी ताणून परत येतं, पण भिजलं की सैल पडतं. पॉलिएस्टर इस्त्रीने आवळतं आणि पाण्यात सैल होत नाही. दगडाचा मार मात्र त्याला कमी सोसतो. दोन्हींवर दोन भागांचं पॉलियुरेथेन चढवतात. कण्यावरचा लेप सर्वांत आधी झिजतो, तिथे एक जादा पट्टी हवी. आत गेलेली वाळू सांगाड्याची पट्टी आणि कापड यांच्यामध्ये बसून आतूनच घासते, म्हणून नाव उलटी करून धुवायची आणि सावलीत वाळवायची.

आत पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंती नसतात, म्हणून नाळेत आणि मागे हवेच्या पिशव्या बांधल्याशिवाय नाव पाण्यात घालू नये.