फराळाला या, पण जरा लवकर या

सप्टेंबर सरत आला की आमंत्रणं सुरू होतात ती थेट जानेवारीपर्यंत चालू असतात, आणि सगळ्यांत एक गोष्ट ठरलेली, "साडेसातपर्यंत या, जेवायलाच या". साडेसातला म्हणजे सगळं आवरून झालेलं असतं. आपण नवीन कुर्ता घालून सोफ्यावर बसायचं, हातात ग्लास धरायचा, ट्रॅफिक लागलं का फार, मुलं कितवीत, मग बाकी काय म्हणताय, आणि ज्यांना भेटायला आलो ते यजमान किचनमध्ये घामाघूम होऊन पुऱ्या तळतायत. माझं हल्ली पक्कं मत झालंय की सणाला बोलवायचं तर चार वाजता बोलवा आणि आल्या आल्या कामाला लावा.

हे मी उगाच म्हणत नाहीये, या तीन-चार महिन्यांतले जगभरचे सण बघा. पीक हाताशी आलेलं, वर जिथे कडक थंडी पडते तिथे पुढच्या महिन्यांची बेगमी करायची घाई, अंधार लवकर पडतो म्हणून माणसं घरात, आणि काम एवढं की एका घराच्या हातांनी उरकणारच नाही. त्यामुळे या दिवसांतल्या बऱ्याच सणांच्या मुळाशी काहीतरी भरायचं, वळायचं, ढवळायचं, कुटायचं काम सापडतं. खाणं शेवटी होतं, गंमत आधीच होऊन गेलेली असते.

कोरियातलं किमजांग घ्या. नोव्हेंबरच्या आसपास पूर्ण हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं आंबट-तिखट लोणचं, एकदम घालायची, म्हणजे कोबीचे ढीगच्या ढीग आदल्या दिवशी मिठात मुरवायचे, दुसऱ्या दिवशी निथळून प्रत्येक पानाच्या मध्ये लाल मिरचीचा मसाला हाताने चोळायचा. प्रत्येक पान! हे एकट्याने करून बघाच. म्हणून नातेवाईक येतात, शेजारणी येतात, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून उकडलेलं डुकराचं मांस आणि ताजी किमची खायची आणि जाताना आपापला वाटा घेऊन जायचं. पूर्वी कित्येक कंपन्या यासाठी वेगळा बोनससुद्धा द्यायच्या. २०१३ मध्ये युनेस्कोने दक्षिण कोरियाचं किमजांग आपल्या वारशाच्या यादीत घेतलं आणि २०१५ मध्ये उत्तर कोरियाची किमची घालायची परंपरा पण घेतली. त्या दोघांचं बाकी कशातच जमत नाही पण कोबीत जमतं.

आता आपली दिवाळी. माझी आत्या दरवर्षी करंज्यांचा घाट घालते आणि तिचं म्हणणं असं की करंजी एकट्या माणसाचा पदार्थच नाही, एकाने लाटायची, एकाने भरायची, एकाने तळायची, एकाने नुसतं फडकं ओलं आहे ना बघायचं कारण लाटलेली पारी सुकली की संपलं, कड चिकटत नाही आणि तळणीत तोंड उघडते. सारण बाहेर आलं की तुपात जळून तळाशी बसतं आणि पुढच्या सगळ्या घाण्यावर काळे ठिपके. मागे एकदा मी ऑफिसच्या टीममधल्या काही जणांना दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दुपारीच बोलवलं, खायला नाही, करायला. मॅनेजर पण आले. ऑफिसमध्ये ज्यांच्यासमोर आम्ही शब्द तोलून मापून बोलतो त्यांना आत्या पहिल्या पाच मिनिटांत म्हणाली, "अहो केवढं भरताय, फुटेल ती! तुम्ही राहू द्या, हे कातणं घ्या आणि नुसत्या कडा कापा." ते निमूटपणे कडा कापत बसले. टीममध्ये एक चिनी मुलगी आहे, ती घरी लहानपणापासून डम्पलिंग, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या पुरचुंड्या, वळत आलेली, तिला कातणं दिलं तर तिने बाजूलाच ठेवलं आणि बोटांनी कडेला बारीक चुण्या घालत गेली, एकावर एक, अगदी सारख्या. आत्या लाटणं थांबवून बघतच राहिली. "अगं बाई, हिच्या हाताला मुरड आहे की." मुरडीची करंजी आमच्या घरात आजीनंतर कुणाला नीट जमलेली नाही, आत्यालाही नाही, हे तिने स्वतः सांगितलं म्हणून लिहितोय. मग दोघींची जी जुगलबंदी सुरू झाली, भाषा एकीची दुसरीला ओ की ठो कळत नव्हती आणि काही अडलं नाही. चीनच्या उत्तर भागात हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सणाला डम्पलिंग करतात आणि दक्षिणेत तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, हे मला त्या दिवशी कळलं. गोळ्या पण घरातल्या सगळ्यांनी मिळूनच वळायच्या असतात म्हणे.

त्यानंतर सोमवारी ऑफिसमध्ये जे वातावरण होतं ते कुठल्याही टीम बिल्डिंगनंतर मी बघितलेलं नाही. कारण काय तर कामात हात गुंतलेले असले की माणूस आपोआप बोलतो, समोर बघावं लागत नाही, विषय शोधावा लागत नाही, आणि मध्येच गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. ज्या लोकांना पार्ट्यांमध्ये काय बोलावं सुचत नाही (मी त्यातलाच) त्यांच्यासाठी तर हे वरदान आहे, तुम्ही फक्त खोबरं किसताय आणि तरी तुम्ही त्या घोळक्यात आहात.

याच्या उलट ऑफिसची डिसेंबरमधली पार्टी. केटरर, डीजे, लाल टोप्या, कुणीतरी भाषण करतं, सीक्रेट सँटाच्या गुपचूप भेटीत तिसऱ्या वर्षी पण कॉफीचा मगच मिळतो. कुणाचं वाईट चिंतून केलेलं नसतं, पण करायला काहीच नाही म्हणून लोक फोनमध्ये डोकं घालून बसतात. जपानी ऑफिसांमध्ये डिसेंबरात बोनेनकाई असते, सरत्या वर्षाला निरोप द्यायला सगळे मिळून खातात-पितात, आणि तिथेही अलीकडे तरुण मंडळी कुरकुर करतात की ही मजा आहे की ओव्हरटाईम. त्याच जपानमध्ये वर्षअखेरीला मोची नावाचे चिकट तांदळाचे गोळे करायला भात कुटतात ते मात्र बघण्यासारखं असतं, उखळात गरम भात, एक जण मोठा लाकडी हातोडा मारतो आणि दोन घावांच्या मध्ये दुसरा हात घालून तो गोळा उलटतो. त्या दुसऱ्या माणसाचा पहिल्यावर किती विश्वास असेल विचार करा. हा कार्यक्रम एचआरने ठेवावा अशी माझी फार इच्छा आहे, पण इन्शुरन्सवाले ऐकणार नाहीत.

मेक्सिकोत ख्रिसमसच्या आधी तमालादा असते, म्हणजे सगळ्यांनी मिळून तमाले (सारण भरून वाफवलेले मक्याच्या पिठाचे रोल) करायचे, मक्याची भिजवलेली सालं टेबलावर पसरायची, एकाने पीठ थापायचं, पुढच्याने सारण, पुढच्याने घडी, थेट मोठ्या पातेल्यात वाफवायला. आमच्या करंज्यांचीच लाईन. इंग्लंडमध्ये ख्रिसमसच्या चार-पाच आठवडे आधी एका रविवारी पुडिंग कालवतात आणि घरातल्या प्रत्येकाने, अगदी लहान पोरानेसुद्धा, डाव एकदा फिरवून मनातल्या मनात काहीतरी मागायचं, आणि फिरवायचं पूर्वेकडून पश्चिमेकडे. कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध आटवताना नेमकं हेच चालतं फक्त दिशेचा नियम नाही, जो जवळून जाईल त्याच्या हातात डाव, "जरा ढवळ रे, खाली लागेल". २०२५ मध्ये तर गंमत झाली, चिनी लोकांचा शरदातल्या चंद्राचा सण बहुतेक वेळा कोजागिरीच्या महिनाभर आधी येतो पण त्यांच्याकडे त्या वर्षी अधिक महिना पडला आणि दोन्ही सण ६ ऑक्टोबरलाच आले. गच्चीवर मसाला दूध आणि त्यांच्या सणाचा सारण भरलेला मूनकेक एकत्र. मूनकेक दुधात बुडवून खाल्ला तर बरा लागतो असं माझं मत आहे, चिनी मैत्रिणीचं नाही.

मित्रांच्या बाबतीत खरी अडचण तारखेची असते. सणाच्या दिवशी जो तो आपल्या घरी, आणि असायलाच हवा, आई वाट बघत असते. मग मित्रांबरोबरचा सण होतच नाही. मी म्हणतो तारखेचा एवढा अट्टाहास कशाला, अमेरिकेत १९३९ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी थँक्सगिव्हिंग चक्क एक आठवडा अलीकडे ओढला, का तर ख्रिसमसच्या खरेदीला दुकानदारांना जास्त दिवस मिळावेत. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, दोन-दोन थँक्सगिव्हिंग झाले, लोक चिडले, शेवटी १९४१ मध्ये कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का करावा लागला. दुकानांसाठी सण हलतो तर मित्रांसाठी का नाही हलणार? आमच्या ग्रुपची दिवाळी भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी असते, सगळ्यांचे फराळाचे डबे अर्धे झालेले, गोडाचा कंटाळा आलेला, म्हणून त्या दिवशी मिसळ. मटकी कुणी निवडायची, कांदा कुणी चिरायचा यावरून भांडण ठरलेलं. फक्त आपापला डबा आणून एकत्र खाणं, म्हणजे पॉटलक, हे मला अर्धवट वाटतं, कारण प्रत्येकजण आपापल्या घरी एकटाच राबून आलेला असतो.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी नाहीतर वहिनी हा ब्लॉग वाचून फोन करेल. "सगळे मिळून करतात" हे ऐकायला छान आहे पण बहुतेक घरांत सगळे म्हणजे सगळ्या बायका. कोरियात सुद्धा सणानंतर सुनांची पाठ, डोकं, मन सगळं दुखतं यावर वर्तमानपत्रं दरवर्षी लिहितात, आपल्याकडे कुणी लिहीत नाही एवढाच फरक. पुरुष येऊन दोन करंज्या भरतात, फोटो काढतात, वाहवा घेतात आणि उरलेल्या शंभर ती करते. आणि करून झाल्यावर? तळणीची कढई, पिठाने माखलेला ओटा, परातीला चिकटलेला पाक. माझा साधा नियम आहे, ज्याला लाटता-भरता येत नाही त्याला भांडी. त्यात कौशल्य लागत नाही आणि कुणी "राहू दे, मी करते" म्हणत नाही, म्हणालीच तर ऐकायचं नाही. मामाने पहिल्या वर्षी तोंड वाकडं केलं होतं, आता स्वतःचा ॲप्रन घेऊन येतो आणि कढई कशाने घासावी यावर सगळ्यांना व्याख्यान देतो.

काम वाटताना थोडं डोकं लावावं लागतं. लहान मुलांना चिकट काम द्या, त्यांना तेच हवं असतं. वयस्कर लोकांना बसून करायचं आणि वर हुकूम सोडता येईल असं. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीला सगळ्यांसमोर तळायला उभं करू नका, तिची परीक्षा होते. जो माणूस कुणालाच फारसा ओळखत नाही त्याला नेहमी दोघांचं काम द्यायचं, म्हणजे समोर कुणीतरी येतंच.

संक्रांतीला यंदा हलवा करायचं ठरवलंय, काटेरी. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन मंद आचेवर चमचा चमचा पातळ पाक सोडत बोटांनी फिरवत राहायचं, थंडी कोरडी असली की काटा चांगला फुलतो आणि वेळ मात्र भयंकर लागतो, आत्या म्हणते एका दिवसात होत नाही, दोन-तीन दिवस पाळ्या लावाव्या लागतील. ऑफिसातले चौघं तयार आहेत, मॅनेजरनी या वेळी कातणं नको एवढंच सांगितलंय. अजून माणसं हवी आहेत. शनिवारी सकाळची पाळी रिकामी आहे, बोटं थोडी भाजतील, चहा सारखा मिळेल.