फुरसुंगीची बस

फुरसुंगी नावाचं गाव खरंच आहे हे मला वयाच्या अठराव्या वर्षी कळलं. तोवर मी ठाम होतो की भा. रा. भागवतांनी ते पोरांसाठी लिहिलेल्या गोष्टींतल्या फास्टर फेणेसाठी, म्हणजे आमच्या फाफेसाठी, बनवलंय, कारण नावच तसलं, तोंडात चणे भरून बोलल्यासारखं, आणि लातूरकडच्या पोराला पुण्याच्या आजूबाजूची गावं काय माहीत. ट्टॉक करणारा, सायकलवर भटकणारा काडीपैलवान बनेश फेणे फुरसुंगीचा, म्हणजे फुरसुंगी पण गोष्टीतलंच, असा माझा सरळ हिशोब.

मग कॉलेजला पुण्यात आलो आणि एकदा हडपसरला स्टॉपवर उभा असताना पीएमटीची बस आली, पाटीवर फुरसुंगी. मला जायचं होतं दुसरीकडेच, पण चढलो. कंडक्टरने "कुठं?" विचारलं आणि मी फुरसुंगी म्हणताना मलाच हसू आलं, जणू चंद्राचं तिकीट मागतोय. त्याला काहीच नाही, त्याने तिकीट फाडलं आणि सुट्ट्यांवरून माझ्यावर चिडला. गावात उतरलो, टपरीवर चहा घेतला, थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं आणि परत आलो. काय शोधत होतो कुणास ठाऊक, सायकलच्या चाकाच्या खुणा बहुतेक.

म्हणजे बघा, लेखकाने जागा खरी घेतलेली, पण माझ्यासाठी ती बनवलेलीच होती. अख्खं पुणंच तसं होतं म्हणा. फक्त प्रतापगड खरा वाटायचा, कारण तिथे शाळेची सहल गेलेली आणि पुस्तकात फाफे पण तिथे जातो.

इंग्लंडच्या आर्थर रॅन्समचं उलटं आहे. त्याच्या 1930 च्या पुस्तकात पोरं होडी घेऊन बेटावर राहायला जातात, त्या तळ्याला त्याने नावच दिलं नाही. विंडरमियर आणि कॉनिस्टन ही दोन खरी तळी घेतली आणि मिसळून टाकली, बेटावरचं ते लपलेलं बंदर कॉनिस्टनमधल्या पील आयलंडवरून उचललं, बाकी आपल्या सोयीने. हुशार माणूस! सरळ पुण्यासारखं खरं गाव घेतलं की कुणीतरी पत्र पाठवणारच, की आपल्या नायकाने त्या चौकातून डावीकडे वळणं शक्य नाही, तिथे वन वे आहे. (पत्र पाठवणारा पुणेकरच असणार हे वेगळं सांगायला नको.)

पण बनवलेल्या जागेचा पण जाच असतोच. स्टीव्हन्सनने 1881 मध्ये स्कॉटलंडला सुट्टीत सावत्र मुलासोबत रंगात खेळता खेळता एका बेटाचा नकाशा काढला, आणि त्या नकाशातून गोष्ट निघाली, खजिन्याच्या बेटाची, म्हणजे 'ट्रेझर आयलंड'. पुढे पुस्तक करायच्या वेळी प्रकाशकाकडे पाठवलेला नकाशा पोचलाच नाही, मग पुस्तक समोर ठेवून त्यात काय कुठे आहे ते बघून बघून परत काढावा लागला. आणि तो नवा नकाशा त्याला कधी आपल्या बेटाचा वाटलाच नाही. हे मला फार आवडतं, स्वतःच्या डोक्यातलं बेट, आणि तेच परत सापडत नाही.

खरं गाव निदान हरवत नाही, पण ते थांबत पण नाही ना. पुढे कितीतरी वर्षं फुरसुंगी मी पेपरात वाचलं ते कचरा डेपोच्या आंदोलनासाठी, आणि दरवेळी फाफेवर कुणीतरी अन्याय केल्यासारखं वाटायचं, जे अगदी येडपट आहे, कारण अन्याय तिथे राहणाऱ्या लोकांवर होता.

आता भाची हडपसरला राहते, नऊ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत तिला माझी जुनी पुस्तकं दिली, फुरसुंगीची बस, चंद्राचं तिकीट सगळं रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मामा, फुरसुंगी तर इथेच आहे. आमच्या स्कूलबसमधली दोन मुलं तिथली आहेत."

म्हटलं, अगं हो, पण हा तिथला पोरगा एकटा सायकलवर कुठेही जातो.

"सायकलवर? सोलापूर रोडला? आणि त्याची आई सोडते?"