तुम्ही विचारलंत म्हणून: वेधशाळेची बाजू का घेता?

ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षबागा पोंग्यात आल्या, म्हणजे नवे कोंब फुटू लागले, की माझा फोन वाजायला लागतो. निफाडचा भाचा, दिंडोरीचे व्याही, गल्लीतले दोन-चार जण. "मामा, वेधशाळेनं पाऊस सांगितलाय. येतोय का खरंच?" मी म्हणतो, सांगितलाय तर फवारणीची तयारी ठेव. पाऊस हुकला की संध्याकाळी पुन्हा फोन आणि तोच ठरलेला प्रश्न: "एवढं चुकतं, तरी तुम्ही त्यांची बाजू घेता. जावई आहेत का तुमचे?"

जावई नाहीत. पण बावीस वर्षं मी एका शेतकी केंद्रावर रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडलाय, त्यामुळे थोडं सोयर लागतं.

तारेच्या कुंपणात चार पायांवर पांढरी लाकडी पेटी, झडपांची. तिचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी आत ऊन पडत नाही. आत चार तापमापक. जवळ जायचं, पण श्वास लागू द्यायचा नाही. डोळा पाऱ्याच्या पातळीत आणायचा आणि आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश. कारण आपल्या अंगाच्या उबेनं पहिल्यांदा दशांशच हलतो. मग पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचं, आतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. पाणी नसेल तर लिहायचं 'निरंक'. आमच्याकडे दिवाळीनंतर पाऊसकाळापर्यंत वही बहुतेक निरंकच. शिपाई विचारायचा, "साहेब, पाऊस नाही तर उघडून बघता कशाला?"

एका डिसेंबरात ताप होता. खोलीतूनच आभाळ बघितलं, स्वच्छ होतं, निरंक लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर तळाशी थोडं पाणी. कधीतरी रात्री भुरभुर येऊन गेली होती. कुठल्या रात्री? ते आता जगात कुणालाच सांगता येणार नाही. लाल शाईनं तसं लिहून ठेवलं. वरून कुणी काही बोललं नाही, पण ती ओळ मला अजून टोचते.

आता कुलाब्याचं ऐका. तिथली वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीनं काढली ती आकाशातले वेध घ्यायला आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ द्यायला. हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायचं ठरलं. तारांतल्या विजेनं चुंबकसूया थरथरणार, म्हणजे साठ वर्षांची वही बिघडणार. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय उपकरणांसाठी अलिबागची जागा धरली. इमारत पोरबंदरी दगडाची, कारण तो चुंबकीय नाही. पण मला भावतं ते पुढचं. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जुळवता येतील. घर बदलताना आपण गॅसची शेगडीसुद्धा दोन दिवस बंद ठेवतो, यांनी दोन वर्षं दोन चुली पेटत्या ठेवल्या.

हवामान खातं त्याआधीच, १८७५ साली निघालं होतं. १८६४ चं कलकत्त्याचं वादळ, मग दुष्काळ, त्यातून सरकारला जाग आली. पहिले प्रमुख ब्लॅनफोर्ड हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधायचे. १९०४ मध्ये आले गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचे गणिती. बूमरँग का परत येतं याचं गणित मांडल्यामुळे त्यांना 'बूमरँग वॉकर' म्हणायचे. त्यांनी जगभरच्या केंद्रांवरचे दाबाचे, पावसाचे, तापमानाचे आकडे मागवले आणि कारकुनांकडून हातानं गणितं करून घेतली. प्रशांत महासागरात एका बाजूला हवेचा दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, हा झोका त्यातून हाती लागला. आज अल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) म्हणून जो शब्द द्राक्षवाल्यांच्या तोंडी आहे, त्याच्याशी या झोक्याचं नातं पुढे १९६० च्या दशकात जुळलं. वॉकरना हवा होता तसा भरवशाचा अंदाज काही त्यांना साधला नाही. पण कुणा अनोळखी माणसांनी रोज सकाळी लिहिलेले आकडे नसते तर तो झोकाही दिसला नसता. त्या आकड्यांत निरंकही असणारच.

खात्याचं मुख्यालय शिमल्याहून १९२८ ला पुण्यात आलं, १९४४ ला दिल्लीला गेलं. पुणेकर मात्र त्या चौकाला अजून 'शिमला ऑफिस'च म्हणतात.

आणि चुकतं का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच शहरात कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. दोन्ही मुंबईच. मग निफाडला सांगितलेला पाऊस पिंपळगावला पडला तर वेधशाळा खोटी कशी? तरी भाच्याचा राग मला कळतो. घड कुजला की त्याला पिंपळगावचा पाऊस काय करायचाय!

नाशिकची स्वतःची पुराची मोजपट्टी म्हणजे गोदेच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात अख्खं गाव तेच एकमेकांना विचारत होतं. मोजपट्टी उत्तम आहे, पण वही नाही. १९६९ चा पूर बघितलेल्या म्हाताऱ्यांना विचारा पाणी कुठवर होतं. हात करून दाखवतात, आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या उंचीवर थांबतो.

यंदा भाच्यानं बागेत स्वतःचा प्लास्टिकचा पर्जन्यमापक बसवलाय. परवा सकाळी फोन आला. "मामा, दोन मिलिमीटर! वेधशाळेनं सांगितलंच नव्हतं."

म्हटलं, "काल किती होता?"

"काल? काल कुठं पाऊस होता? बघितलंच नाही."