कूलरसमोरची थप्पी

भिवंडीच्या गोदामातून निघालेलं ओकचं लाकूड नांदेडला उतरलं तेव्हा मीटर साडेबारा टक्के ओल दाखवत होता. त्यात नवल काहीच नाही. समुद्राकाठच्या हवेत पडून असलेलं लाकूड तेवढं पाणी धरणारच. खरी अडचण होती ती आमच्या इकडच्या हवेची. वैशाखात नांदेडची दुपार म्हणजे बेचाळीस अंश, आणि हवेत दमटपणा वीस-पंचवीस टक्के. अशा हवेत लाकूड उघडं ठेवलं तर ते पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरत जातं. आणि श्रावणात तीच फळी त्याच खोलीत पुन्हा तेरा-चौदाला जाऊन बसते.

बंगला एका डॉक्टरांचा. मुलीच्या कथ्थकच्या रियाजासाठी खालच्या हॉलची जमीन लाकडी करायची होती, ते काम माझं. २० मिलिमीटर जाडीचं, १२० मिलिमीटर रुंदीचं भरीव ओक, एकमेकींत अडकणाऱ्या नर-मादी खाचेचं. किनवटचं सागवान वापरा म्हणून मी सुचवलं होतं, कारण साग ओकपेक्षा बराच कमी खेळतो, म्हणजे ओलीनं फुगतो-आकसतो कमी. पण मुलीला फिकट रंग हवा होता. तिथं माझं काय चालणार!

माल उतरल्यावर खोकी फोडली, खाली बत्ते टाकले, भिंतीपासून हातभर सोडून थप्पी लावली आणि प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या घातल्या, म्हणजे हवा सगळीकडून फिरेल आणि ठोकण्याआधी लाकूड त्या खोलीच्या हवेला सवयीला पडेल. (हे भरीव लाकडाचं. थर चिकटवून बनवलेल्या तयार फळ्यांची खोकी बहुतेक कंपन्या फोडू देत नाहीत, तिथं कंपनीचा कागद वाचायचा.) दारं-खिडक्या लावून घ्या, ऊन येऊ देऊ नका, असं सांगून मी लातूरच्या कामाला निघून गेलो.

परत आलो तर हॉलमध्ये पेंटरची माणसं पुट्टी घासत होती आणि कोपऱ्यात पत्र्याचा भलामोठा कूलर घरघरत होता. तोंड सरळ थप्पीकडे. आत शिरताच वाळ्याचा गार वास आला, एवढं छान वाटलं की क्षणभर मी पण उभा राहिलो. मग मीटर काढला.

कूलरकडच्या फळ्या चौदा. मागच्या, भिंतीकडच्या, आठ. मीटर बिघडला असेल म्हणून दुसऱ्या फळ्यांवर सुया टोचल्या, तेच आकडे. मधली एक फळी कापून गाभ्यात टोचून पाहिलं, तिथं अजून बाराच. एकाच ट्रकमधला, एकाच खोलीतला माल, आणि त्याच्यात श्रावण आणि वैशाख दोन्ही.

पेंटर म्हणाला, "शेठ, कामून थांबायलाव? खोक्यावर बहात्तर तास लिव्हलंय, ते तर कवाच झाले."

डॉक्टरांनाही घाई होती. अक्षय तृतीयेची वास्तुशांत ठरलेली, पाहुण्यांना फोन गेलेले. मी त्यांना विचारलं, "साहेब, तुम्ही पेशंटला किती दिवस झाले ते बघून घरी सोडता, की ताप बघून?" ते हसले, पण कागद-पेन घेऊन बसले. हिशेब सोपा आहे. आडव्या कापाचं ओक एक टक्का ओलीमागं रुंदीत साधारण ०.३७ टक्के बदलतं. १२० मिलिमीटरच्या फळीत पाच टक्क्यांचा फरक पडला तर दोन मिलिमीटरच्या वर. हॉलच्या रुंदीत चाळीस फळ्या बसणार, म्हणजे सगळ्या मिळून आठ-नऊ सेंटिमीटर. लांबीत मात्र लाकूड जवळपास हलत नाही, म्हणून सगळी भानगड सांध्यात दिसते. ओल्या फळ्या बसवल्या तर पुढं फटी पडणार, फार सुकलेल्या बसवल्या तर पावसात एकमेकींना रेटून उचलणार. इथं तर दोन्ही प्रकार एकाच जमिनीत शेजारी आले असते.

मग कोबा. गवंड्यानं खळगा भरायला नुकताच सिमेंटचा थर दिला होता. वरून कोरडा ठणठणीत. संध्याकाळी त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला. सकाळी खाली थेंब. कोब्याला इंचाला साधारण महिना वाळायला लागतो. उन्हाळ्यात वरचा पापुद्रा लवकर सुकतो आणि लोक फसतात. त्यावर लाकूड टाकलं तर खालून ओल घेऊन फळीच्या कडा वर येतात, मध्ये पन्हाळ होते.

आता डॉक्टरांचा चेहरा उतरला. तोडगा काढला आजींनी. "वास्तुपूजेला जमीन लागती, लाकूड कशाला लागतंय? सतरंज्या टाका अन् उरका." सगळी चर्चा तिथंच संपली. पाहुणे सतरंजीवर जेवले. कोबा उघडा आहे असं एकानंही म्हटलं नाही.

तेवढ्यात मी डॉक्टरांकडून एक ठरवून घेतलं: या हॉलमध्ये कूलर कधीच येणार नाही, एसी लागेल. कारण लाकूड सवयीला पाडायचं ते घर जसं राहणार आहे त्या हवेला, रिकाम्या बंद घराच्या हवेला नाही. मग त्या हवेसाठी लाकडाची ओल नऊ-दहा टक्के धरली. थप्पी उलटीपालटी केली, ओल्या फळ्या मध्ये, सुक्या बाहेर, पंखा छताकडे तोंड करून. कोबा वाळेपर्यंत पावसाळा उंबऱ्यावर आला. मीटर सगळीकडे नऊ ते दहा दाखवू लागला, तेव्हाच पहिली फळी ठोकली. भिंतीकडेनं सगळीकडे बारा-पंधरा मिलिमीटर जागा सोडली आणि ती स्कर्टिंगखाली झाकली.

कूलरच्या अगदी तोंडासमोरच्या काही फळ्या मात्र वाकल्या त्या वाकल्याच. सुकल्यावरही सरळ झाल्या नाहीत. त्यांचे तुकडे पाडून कपाटाच्या खालच्या पट्टीला लावले आणि तेवढ्या नव्या मागवल्या. त्यांचे पैसे कोणी द्यायचे ते अजून ठरलेलं नाही. डॉक्टर म्हणतात पेंटरच्या बिलातून कापा, पेंटर म्हणतो कूलर आजींनी लावायला सांगितला होता, आणि आजींना विचारायला कोणीच तयार नाही.