ठिपक्यांच्या गर्दीत
आज दुपारभर जहाजांचा थेट नकाशा उघडून बसले होते. सिंगापूरजवळ ठिपक्यांची इतकी दाटी, की समुद्रच दिसेना! तिथे उतरणारे बहुतेक कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढून पुढे जातात. कंटेनर हाताळणाऱ्या बंदरांत २०१० पासून पहिला नंबर शांघायचा. २०२४ मध्ये ५ कोटींच्या वर, २० फुटी कंटेनरच्या मापाने मोजून. मालाच्या वजनात मात्र चीनचंच निंगबो-झौशान बंदर पुढे, वर्षाला १०० कोटी टनांहून जास्त.

आणि ऑस्ट्रेलियाचं पोर्ट हेडलंड? तिथून मुख्यतः लोहखनिज जातं, आणि काठोकाठ भरलेली मोठी जहाजं भरतीची वेळ साधूनच बाहेर काढावी लागतात. इथे मी थबकलेच. एवढा अवाढव्य कारभार, आणि तो चंद्राकडे बघून चालतो!

एक ठिपका सकाळपासून नांगर टाकून उभा आहे. त्यावरच्या खलाशांना किनारा दिसत असेल, पण उतरता येत नसेल. माझा जीव तिथेच अडकलाय.