दसऱ्यानंतरची हजेरी

शाळेच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेच्या समितीचा निरोप आला: "तुमच्या यशाची वाटचाल लिहा, सोबत पासपोर्ट फोटो." फोटो पाठवलाय. वाटचालीचं अवघड आहे, कारण मी नेमकं काय करते हेच गावाकडं अजून कुणाला पटवून देता आलेलं नाही. "गाणं म्हणते" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ऑर्केस्ट्रात का?" नाही. "मग पिक्चरमधी?" तेही नाही. गाणी मीच लिहिते, चाल मीच लावते आणि गिटार घेऊन एकटीच म्हणते. मागं कंपनी नाही, वादकांचा ताफा नाही. पन्नास-साठ माणसं मांडी घालून बसतील एवढी जागा मिळाली की झालं. आमच्या चुलत्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् नाचतं कोण?"

खरं तर शब्द आपले, चाल आपली, हे आपल्या मराठवाड्याला नवीन नाही. जनाबाई गंगाखेडची, एकनाथ महाराज पैठणचे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर सव्वा लाख पदं रचली असं सांगतात, तीही कुठल्या कंपनीशिवाय. शाळेच्या सहलीत त्यांची पासोडी पाहिली होती. लांबच लांब कापडावर लिहिलेला अख्खा ग्रंथ. सर जीव तोडून समजावत होते आणि आमचं सगळं लक्ष डब्यातल्या धपाट्यांवर.

आपल्या शाळेत संगीताचा तास नव्हता. एक पेटी होती, प्रार्थनेपुरती, आणि ती पी.टी.चे सर वाजवायचे. तिची पांढरी दोन दाबली की वर यायचीच नाही, म्हणून वर्षाचे बारा महिने प्रार्थना काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळीला 'सा' धरून. त्या पट्टीत साध्या चालीला पांढरी दोन लागतच नाही, हे सरांनी कसं शोधून काढलं कोण जाणे. माझा गळा तिथंच बसला तो बसलाच. आजही गिटारवर जीची बोटं धरते आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावते. झाली काळी चार. पुण्यातल्या एका वादकानं विचारलं होतं की, सगळी गाणी एकाच पट्टीत का? त्याला आपली पेटी कुठं माहीत!

पण गाणं लिहायला मी शिकले ते हजेरीच्या वेळी.

दसरा झाला की आपले वर्ग कसे विरळ व्हायचे, ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि घरी सांभाळायला कुणी नसलं की पोरंही बैलांच्या टायरगाडीवर. बहुतेक ठिकाणी अशा वेळी मास्तर गेलेल्यांची नावं गाळून पुढं जातात. आमच्या वर्गशिक्षिका बाई एकही नाव गाळायच्या नाहीत. नाव घ्यायच्या आणि थांबायच्या. मग ज्याला ठाऊक असेल त्यानं उठून सांगायचं.

"कोल्हापूरकडं गेली, बाई."

"कुणाकुणासंगं?"

"आईबाप अन् धाकटा भाऊ."

"घरी कोण आहे?"

"आजी. अन् शेळी."

नुसतं "गैरहजर" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. गेल्या आठवड्यातली माहिती पुन्हा सांगितली तर म्हणायच्या, "ते झालं. आता काय खबर?" मग एस.टी.डी. बूथवर कुणाचा फोन आला होता का, याची आम्ही गल्लीत चौकशी करायचो. सांगली, कोल्हापूर, बेळगाव नकाशावर आम्हाला डोळे झाकून दाखवता यायचं. एका माणसाबद्दल चार वाक्यांत खरं काय ते सांगायचं, याची सवय तिथं लागली. माझ्या गाण्यांना लोक "कथागाणी" म्हणतात. मला ती बाईंना दिलेली उत्तरं वाटतात.

दुसरे आमचे मराठीचे सर. निबंधात कुणी "डोळे पाणावले" लिहिलं की लाल पेनानं गोल करायचे आणि समासात लिहायचे: "थेंब पडला का नाही?" भावना लिहू नका, काय झालं ते लिहा, एवढं एकच त्यांचं सांगणं. आता गावोगावी भावनिक गाणी म्हणणारी म्हणून माझी ओळख करून देतात तेव्हा मला सरांची आठवण येऊन हसू येतं. ज्या गाण्यावर श्रोते रडतात, त्यात रडण्याबद्दल एक अक्षर नाही.

ते गाणं माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की होळीच्या पुढंमागं ती परत यायची. उसाच्या पाचटानं हातावर बारीक रेघा उमटलेल्या. मधल्या सुट्टीत सगळं सांगायची: फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पावसाचं पाणी कुठून शिरलं, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून किती आले, पहाटे गाडी भरायला आली की आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून कशी चढते. कारखान्याचा भोंगा तर असा काढायची की शेजारच्या वर्गातले सर दारात यायचे. कुरकुर नसायची. पाचजणांचा स्वयंपाक येतो याचा तोरा मात्र असायचा. पुढं कितीतरी वर्षांनी गाणं लिहिलं आणि आधी तिलाच फोनवर म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "माझं नाव घालू नको, पण बैलांची घाल." म्हणून त्यात हरण्या आणि पाखऱ्या आहेत, ती नाही. सुरुवात अशी:

दसरा सरला, गाडी जुंपली
चुलीची राख तशीच राहिली
आईनं कुलपाची किल्ली दिली
आजीपाशी

हा साचा माझा नाही, आपल्या जुन्या ओवीचा आहे. तीन चरण यमकानं बांधलेले आणि चौथा आखूड, यमक नसलेला. ज्ञानेश्वरीही याच साच्यातली. चौथा चरण तोकडा पडतो तिथं जी जागा उरते, तिथं मी गळा थांबवते आणि नुसती बोटं चालू ठेवते. लग्नानंतरच्या गोंधळातही हेच पाहिलंय. संबळ-तुणतुण्यावर आख्यान रंगात येतं, गोंधळी मध्येच गाणं सोडून बोलू लागतो, साथीदार विचारतो, "मग?" आणि अख्खा मांडव कान देतो. माझ्याबरोबर साथीदार नसतो. "मग?" श्रोत्यांतूनच कुणीतरी म्हणतं, विशेषतः मराठवाड्यात. पुण्यात मनातल्या मनात म्हणत असावेत.

पैशाचं विचारणारे फार, म्हणून तेही लिहिते. पोटाला संभाजीनगरातली नोकरी आहे. 2024 पासून स्पॉटिफायवर गाणं वर्षभरात किमान 1000 वेळा वाजलं तरच त्याचा हिशोब सुरू होतो, आणि माझी काही गाणी त्या उंबऱ्याच्या अलीकडंच बसून आहेत. लिहिणाऱ्या मुलांनी एवढं मात्र ध्यानात ठेवावं: कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस आणि कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला लिहून देता येत नाही. सही करायच्या आधी कागद वाचा. रेकॉर्डिंग घरीच करते. भिंतींना गोधड्या टांगायच्या, पंखा-फ्रिज बंद ठेवायचे आणि शेजारचा कुकर होईपर्यंत थांबायचं.

आता सुवर्ण महोत्सवाचं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आधी जानेवारीतली तारीख फिरत होती. मी एवढंच लिहिलं की, जानेवारीत आपले कितीतरी माजी विद्यार्थी उसाच्या फडात असतात. तेव्हा कार्यक्रम घेतला तर पत्रिका कुलपांना वाटाव्या लागतील. दोन दिवस ग्रुप गप्प होता. मग एकेकजण लिहू लागला: माझा भाऊ गेलाय, माझी वहिनी गेलीय. पाहुण्यांच्या तारखेवरून थोडी खळखळ झाली, पण कार्यक्रम अक्षय तृतीयेनंतर घ्यायचं ठरलं. समितीचे आभार.

उन्हाळा आहे हे खरं. बेचाळीस अंशांत गिटारचं लाकूड सुकतं, फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात. त्यावर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून ती गिटारच्या पेटीत ठेवते, माझी काळजी नको. फक्त कूलर माइकपासून लांब ठेवा. डीजे माझ्या आधी असला तरी चालेल, नंतर असला तर जास्त चालेल. आणि पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या राखून ठेवा, मैत्रीण तिच्या आईला घेऊन येतेय. पाहुण्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं तरी चालतंय.

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी 2006