गवताच्या गाडीसमोर पाऊण तास

लेकीकडे लंडनला गेलो, तेव्हा नॅशनल गॅलरीत इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ (गवताची गाडी) हे चित्र पाहायचंच, असं ठरवलं होतं. समोर उभा राहिलो आणि मनात काहीच उमटेना. नदी, झाडं, ढग, घर, पाण्यात गाडी. छान, शांत. पुढे काय?

लेक म्हणाली, "बाबा, अर्थ राहू द्या. आधी काय काय दिसतंय ते मोजा."

बाकावर बसून मोजायला लागलो. तीन घोडे. गाडीत माणसं. काठावर कुत्रा. धुराड्यातून धूर. घराशी पाण्यावर वाकलेली बाई. मग पार उजवीकडे, लांबच्या कुरणात, पांढरे ठिपके. जवळ जाऊन पाहिलं, तर ती गवत कापणारी माणसं! तिथे एक गाडी भरली जातेय. म्हणजे नदीतली ही गाडी रिकामी आहे, भरायला निघालीय. इतका वेळ मी ती घरी परतणारी समजत होतो.

मग ती पाण्यात का थबकलीय? हे मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचं लाकूड आटायचं, धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी सैल व्हायची. आजोबा गाडी ओढ्यात उभी करायचे; लाकूड फुगलं की धाव घट्ट बसायची. १८२१ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात हे चित्र लागलं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘निसर्गदृश्य : दुपार’. भर दुपार, तापलेली चाकं, दमलेले घोडे. ती शांतता मला एकदम ओळखीची वाटली, कामाच्या मधल्या विसाव्याची.

घोड्यांच्या साजावर लाल रंग आहे. एक डोळा मिटून तो अंगठ्याने झाकला, तर सगळी हिरवाई मलूल झाली. तीनदा करून पाहिलं.

घरी येऊन वाचलं. ही जागा इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या फ्लॅटफर्डची, नदी स्टूअर. तिथली गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांची. चित्र मात्र त्याने लंडनच्या स्टुडिओत, जुन्या रेखाटनांवरून रंगवलं. त्याच्या आगेमागे, १८१६ आणि १८२२ मध्ये, त्या भागातल्या शेतमजुरांनी दंगे केले, मळणीयंत्रं फोडली. चित्रात त्याची चाहूलही नाही. कॉन्स्टेबल खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्याने लहानपणीची नदी रंगवली. पण ज्यांच्या घामाने ते कुरण उभं आहे, ते नुसते ठिपके उरलेत, हे मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात याच चित्राचा तेवढ्याच आकाराचा कच्चा खर्डा पाहिला. फटकारे रांगडे, आभाळ अस्वस्थ. कुत्र्याजवळ काठावर घोड्यावर बसलेलं कुणीतरी आहे. पक्क्या चित्रात त्याला काढून टाकलंय, म्हणून तिथे नजर कुत्र्यावरून थेट गाडीवर जाते.